मदत हवी आहे : दाढ आणि ऑडिशन, दोन्ही एकदमच आलंय

गिरणगाव९१ (सोमवार, रात्री ११:१२)
नमस्कार. दाढ प्रचंड दुखतेय, तीन रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणाले काढून टाकू, परवा बुधवारची वेळ दिलीय. पुढच्या आठवड्यात गुरुवारी आकाशवाणीची ऑडिशन. दाढ काढल्यावर किती दिवसांत रियाज सुरू करता येतो? आधी काढावी की ऑडिशननंतर? ज्यांना खरंच अनुभव आहे त्यांनीच सांगा. उद्या संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना कळवायचंय.

स्वरसाधक (रात्री ११:३१)
सर्वप्रथम शुभेच्छा. घाबरू नका, दाढेचा आणि गळ्याचा काही संबंध नाही. बावीस वर्षं शिकवतोय, माझी एक विद्यार्थिनी दाढ काढल्यावर पाचव्या दिवशी कार्यक्रमात पाऊण तास यमन गायली होती. पहिले तीन दिवस फक्त मंद्रातला खर्ज, तोही तोंड मिटून, गुणगुणल्यासारखा. आकार, म्हणजे तोंड उघडून 'आ' लावणं, अजिबात नको, जबडा ताणला जातो. ताना मनातल्या मनात म्हणायच्या. वहीत लिहून काढल्या तर उत्तमच. आणि थंड काही घेऊ नका, आवाज बसेल.

मीनल_ठाणे (रात्री ११:४०)
थंड घेऊ नका?? अहो, दाढ काढल्यावर पहिल्या दिवशी थंडच घ्यायला सांगतात. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा दोन दिवस आईस्क्रीम आणि गार केलेलं नाचणीचं आंबील, बास. खालची होती, आडवी झोपलेली, हाड घासून तुकडे करून काढली. पाऊण तास लागला. बाहेर नवरा बसला होता, तो मशीनचा आवाज ऐकूनच खाली चहा प्यायला निघून गेला. आठवडाभर तोंडात दोन बोटं जात नव्हती. वरणभातसुद्धा चहाच्या चमच्याने. सातव्या दिवशी टाके काढले. त्यामुळे गुरुवारपर्यंत नीट आ करता येईल असं समजू नकोस. ऑडिशन पुढे ढकल बाबा.

अप्पा_गिरगाव (रात्री ११:५२)
लवंगेचं तेल. कापसाचा बोळा, दोन थेंब, दाढेत दाबून धरायचा. आमच्या आईने आयुष्यात दंतवैद्याचं तोंड पाहिलं नाही.

टवाळ (रात्री ११:५८)
आणि दंतवैद्याने त्यांचं पाहिलं नाही, असंच ना अप्पा? 😀
धागाकर्ते, अक्कलदाढ काढून लगेच ऑडिशनला जाऊ नका. राग भलताच निवडाल. (हलकेच घ्या.)

दंतकथा (मंगळवार, सकाळी ७:०५)
मी दातांची डॉक्टर आहे. तोंडात न बघता सल्ला देणार नाही, पण काही गोष्टी कळल्याशिवाय वरच्या कुठल्याच उत्तराला अर्थ नाही. दाढ वरची की खालची? अक्कलदाढ की अलीकडची? एक्स-रे काढलाय का, त्यात काय दिसलं? सूज, ताप, तोंड उघडायला त्रास? आणि तुम्ही गाता की काही वाजवता?

गिरणगाव९१ (सकाळी ८:४८)
अक्कलदाढ नाही हो. मी असं कुठे म्हटलंय? आणि गात नाही, वाजवते. ताप नाही, सूजही नाही. ऑडिशन पुढे ढकलायची नाहीये, पत्र आलंय, परत कधी बोलावतील कोण जाणे. कुणीतरी सरळ किती दिवस तेवढं सांगा ना. ट्रेनमध्ये आहे.

हेमंत_क (सकाळी ९:१०)
'वाजवते' म्हणजे ताई आहात तर. कालपासून सगळे दादा-बाबा करतायत.
वाजवता तर मग प्रश्नच कुठे आहे? तबला, सतार, व्हायोलिन काही असो, दाढ काढून दुसऱ्या दिवशी बसा. व्हायोलिन असेल तर हनुवटी टेकते त्या बाजूला थोडं दुखेल, एवढंच. पेटी असेल तर मात्र आकाशवाणीत जरा जपून. पेटीला त्यांनी वर्षानुवर्षं दारात उभं केलं नव्हतं. केसकर मंत्री असताना बंदी घातली, ती थेट १९७१ ला सैल झाली.

अप्पा_गिरगाव (सकाळी ९:४४)
हेमंतराव, पेटीवरची बंदी १९४० ची, साहेबाच्या राज्यातली. बाळकृष्ण केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले १९५२ ला. त्यांच्या नावावर दुसरं पाप आहे, सिनेमाची गाणी हद्दपार करण्याचं. मग अख्खा देश रेडिओ सिलोन लावून बसला, आणि शेवटी सरकारला ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. आमच्या चाळीत दोनच रेडिओ होते आणि बुधवारी रात्री दोन्हींवर सिलोन. कलाकारांना ऑडिशनला बसवून बी, बी हाय, ए, टॉप असे शिक्के मारायचा प्रकारही त्यांच्याच काळात जोरात आला. मोठमोठे गवई चिडले होते, आम्ही काय आता परीक्षा द्यायची का म्हणून.

हेमंत_क (सकाळी ९:५१)
बंदी १९४० ची हे मान्य. पण उठवली नाही ना त्यांनी? दहा वर्षं खुर्चीवर होते.

टवाळ (सकाळी ९:५३)
ताई ट्रेनमध्ये दाढ धरून उभ्या आहेत आणि इथे नभोवाणी खात्याची फाईल उघडलीय.

दंतकथा (सकाळी १०:२०)
गिरणगाव, वाद्य कुठलं? आणि दाढ वरची की खालची? दुसऱ्यांदा विचारतेय.

गिरणगाव९१ (दुपारी १:१५)
सनई. मला वाटलं लिहिलंय.
बाबा वाजवायचे, परळ-नायगावात लग्नाला तेच असायचे. मी लहानपणी त्यांच्या मागे बसून सूर धरायचे. आता गेली आठ वर्षं मी पुढे बसते. म्हणून विचारत होते की रियाज किती दिवस बंद. जास्त दिवस पत्ती (सनईच्या टोकाला असते ती, जिच्यातून फुंकतात) ओठात धरली नाही की ओठ विसरतात, ज्यांनी वाजवलीय त्यांना कळेल. आणि चाळीच्या गच्चीवर संध्याकाळी सात ते आठच परवानगी आहे, ती वेळ बुडाली की बुडाली.

कॉर्नेट_लालबाग (दुपारी १:४०)
ताई, आधीच सांगायचं ना! फुंकवाद्यवाल्याचं दुखणं फुंकवाद्यवाल्यालाच कळतं.
मी ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवतो, वीसेक वर्षं झाली. करी रोडला गाडी थांबायच्या आधी उतरलो आणि समोरचा वरचा दात अर्धा गेला. ऐन लगीनसराईत. डॉक्टरने कॅप बसवली, आरशात एकदम हिरो. संध्याकाळी कॉर्नेट लावला तर खालचे सूर ठीक, वर चढलो की नुसती हवा. फुस्स. दोन दिवस वाटलं पिस्टन अडकतोय, सगळं खोलून तेल घातलं. मग एकदा जीभ फिरवली तेव्हा कळलं, कॅपची कड शेजारच्या दातापेक्षा एवढीशी पुढे. नखाला लागेल इतकीच. पण माउथपीस ओठावर दाबलं की ओठ त्या कडेवर चढतो आणि मधली फट बदलते.
डॉक्टरकडे गेलो, तो म्हणाला दिसायला परफेक्ट आहे. तिसऱ्या वेळी कॉर्नेटच घेऊन गेलो. खुर्चीत बसून वाजवून दाखवला. बाहेरचे पेशंट दार उघडून बघायला लागले. मग त्याला पटलं. थोडं घासायचा, मी फुंकायचो, परत थोडं घासायचा. चारदा केलं तेव्हा कुठे वरचा सूर आला.
तेव्हापासून सगळ्या पोरांना सांगतो, समोरचे दात धड आहेत तोवर प्लास्टरचा साचा काढून घरी ठेवा. उद्या दात तुटला तर डॉक्टरला बरोब्बर तसाच बनवता येतो. माझा साचा असता तर त्या चकरा वाचल्या असत्या.

मीनल_ठाणे (दुपारी १:५५)
पण त्यांची दाढ आहे, समोरचा दात नाही.

कॉर्नेट_लालबाग (दुपारी १:५८)
माहितीय. तरी साचा काढून ठेवावा.

स्वरसाधक (दुपारी २:१०)
सनईचं कळलं नव्हतं, पण तत्त्व तेच. वाद्य न वाजवता बोटांचा सराव करा. बंद तोंडाने आलाप गुणगुणत बोटं भोकांवर चालवा. आणि दाढेपासून पत्ती कितीतरी लांब असते, त्यामुळे काढल्यावर तीन-चार दिवसांत हळूहळू फुंकायला हरकत नसावी.

दंतकथा (दुपारी २:३२)
हरकत आहे, स्वरसाधक. आणि चांगलीच आहे.
गिरणगाव, तिसऱ्यांदा विचारते. वरची की खालची?

गिरणगाव९१ (दुपारी ३:०५)
वरची. उजवीकडून शेवटून दुसरी. त्याने काय फरक पडतो? समोरचे दात शाबूत आहेत.

दंतकथा (दुपारी ३:४६)
सगळा फरक त्यानेच पडतो. दोन पेशंटच्या मध्ये लिहितेय, चुकभूल द्यावीघ्यावी.

कुठलीही दाढ काढली की त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. तीच जखमेचं झाकण. ती निसटली की खालचं हाड उघडं पडतं आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा ठणका सुरू होतो की आधीचं दुखणं बरं होतं म्हणायची पाळी येते. म्हणून स्ट्रॉ नको, सिगारेट नको, जोरात चुळा नकोत.

वरच्या दाढांचं आणखी एक आहे. त्यांच्या मुळांच्या वर गालाच्या हाडातली पोकळी असते, सायनस. सर्दीत जी भरते तीच. काहींच्यात मूळ आणि पोकळी यांच्यामध्ये हाडाचा कागदासारखा पापुद्रा असतो. दाढ काढताना तो फुटला तर तोंड आणि नाक यांच्यात वाट तयार होते. पाणी प्यायलं की नाकातून येतं, तोंडात हवा दाबली की नाकातून सुसू आवाज. छोटी वाट आपोआप बुजते, मोठी टाके घालून बंद करावी लागते. पण तोवर तोंडात हवेचा दाब अजिबात चालत नाही. साध्या पेशंटलासुद्धा आम्ही सांगतो, दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून शिंका.

आता सनई बघा. सूर तुटू नये म्हणून तुम्ही गालात हवा साठवता, नाकाने श्वास घेता घेता गालातली हवा पत्तीत ढकलता. म्हणजे पत्ती लांब असली तरी हवा दाढेच्याच शेजारी दाबून धरलेली असते. बुधवारी दाढ काढली तर ऑडिशनच्या दिवशी जेमतेम आठ दिवस झालेले असतील. बासरी असती तर एक वेळ विचार केला असता, तिथे तोंडात एवढा दाब नसतो. सनईला मी तरी हो म्हणणार नाही.

तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा, ही दाढ वाचण्यासारखी आहे का? असेल तर उघडून आतली सडलेली नस काढायची, औषध ठेवायचं आणि तात्पुरतं सिमेंट भरायचं. बहुतेक वेळा ठणका त्यानेच उतरतो, उघडी जखमही राहत नाही. बाकीचं रूट कॅनल आणि कॅप ऑडिशननंतर. सुन्न करायचं इंजेक्शन दोन-चार तास टिकतं. ते उतरेपर्यंत वाजवू नका, ओठ-गाल कळत नाहीत आणि चावला जातो.
पण सूज डोळ्याकडे चढली, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर ऑडिशनचा विचार न करता लगेच दवाखाना. तेव्हा थांबायचं नसतं.

हेमंत_क (दुपारी ४:०२)
एवढं करण्यापेक्षा पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स. मेडिकलवाला देतो. दुखणं दबतं, ऑडिशन होते, मग काढा सावकाश. मी दोनदा केलंय.

दंतकथा (दुपारी ४:३०)
आणि दोनदा परत दुखलं असेल. नस आत सडत असेल तर गोळी तिथवर पोचतच नाही, कारण तिथे रक्तच फिरत नसतं. मेडिकलवाल्याने दाढ बघितली होती का?

हेमंत_क (दुपारी ४:३३)
दुखलं परत. मान्य. पण दीड वर्षाने.

अप्पा_गिरगाव (संध्याकाळी ५:१२)
डॉक्टरीणबाईंचं बरोबर आहे, वरची दाढ काढूच नये. वरच्या दाढेच्या नसा डोळ्याला जोडलेल्या असतात, नजर अधू होते. माझ्या मेहुण्याने काढली, वर्षभरात चष्मा लागला.

दंतकथा (संध्याकाळी ५:२०)
अप्पा, मेहुण्यांचं वय काय होतं तेव्हा?

अप्पा_गिरगाव (संध्याकाळी ५:२४)
बेचाळीस.

दंतकथा (संध्याकाळी ५:२५)
चष्मा दाढ न काढताही लागला असता. दाढेची नस वेगळी, डोळ्याने दिसतं ती नस वेगळी. लवंगेच्या तेलाला मात्र मी नाही म्हणत नाही, त्याने तात्पुरतं बधिर होतं. पण बोळा हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात ठेवणारेही येतात, त्यांचा गाल आतून पांढराफटक सोललेला असतो.

कॉर्नेट_लालबाग (संध्याकाळी ५:५०)
ताई, डॉक्टरकडे जाताना सनई घेऊन जा. माझं ऐका.

मीनल_ठाणे (संध्याकाळी ६:०५)
दुसरं मत हवं असेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे, नाहीतर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. गर्दी असते, पुस्तक घेऊन जा.

गिरणगाव९१ (संध्याकाळी ६:४०)
सगळ्यांचे आभार. एक कबूल करते. मी सनई वाजवते हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं काय करता, मी म्हटलं नोकरी. तेही खरंच आहे, दिवसा ऑफिसच. आणि वर मीच म्हणाले होते, एकदाच काय ते करून टाका, मला सारखं सारखं यायला वेळ नाही. म्हणून त्यांनी काढायचं ठरवलं असणार. उद्या जाते.

टवाळ (संध्याकाळी ६:४४)
म्हणजे डॉक्टरांनाही आमच्यासारखंच कोडं घातलंत.

गिरणगाव९१ (बुधवार, रात्री ९:३०)
गेले होते. सनई नेली, पत्तीची डबीपण. डॉक्टरांनी आधी एक्स-रे दिव्यासमोर धरून मला दाखवला. दाढेचं एक मूळ त्या पोकळीच्या रेषेत पार घुसल्यासारखं दिसत होतं. म्हणाले, हे आधी सांगितलं असतं तर काढायची गोष्टच केली नसती. दाढ वाचते म्हणाले. उघडली, नस काढली, औषध ठेवून बंद केली. चाळीस मिनिटं.
वाजवून दाखवा म्हणाले, पण ओठ अर्धा मेलेला होता, पत्ती धरताच येईना, लाळच गळायला लागली. मग नुसते गाल फुगवून दाखवले. ते आणि त्यांची मदतनीस दोघंही बघत बसले.
रात्री जेवताना त्या बाजूने चावलं नाही. ठणका नाही. खूप दिवसांनी नाहीये.

दंतकथा (रात्री ९:५२)
छान झालं. दोन-तीन दिवस चावताना बोचेल, ते चालतं. सिमेंट निघालं तर फोन करून लगेच जा, थांबू नका. त्या बाजूने चिक्की, चणे, भाकरीचा कडक पापुद्रा नको.

स्वरसाधक (रात्री १०:१५)
राग कुठला घेताय? गुरुवारी कितीची वेळ आहे? सकाळची असेल तर तोडी आणि अहिर भैरव तयार ठेवा. यादीत जेवढे राग दिलेत त्यातला कुठलाही विचारतील हे धरून चला. मुलतानी दिला असेल तर सांभाळा, सनईवर तो कोमल रिषभ...

हेमंत_क (रात्री १०:३१)
सनईवर मुलतानी ऐकायचा तर बिस्मिल्लाखाँ. बाकी कुणी नको.

अप्पा_गिरगाव (रात्री १०:४०)
पुण्याचे शंकरराव गायकवाड विसरलात? आणि सोलापूरची सुंदरी? सनईची धाकटी बहीण, पण आवाज बघा कसा. सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवात सनईने होते तेव्हा मांडवात जी शांतता पसरते ना...

(इथे बावीस प्रतिसाद सनई विरुद्ध सुंदरी या विषयावर झाले, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

गिरणगाव९१ (पुढचा गुरुवार, संध्याकाळी ७:२०)
झाली ऑडिशन. चर्चगेटला उतरून चालत गेले, सनई छातीशी धरून. शुक्रवारपासून रोज तासभर वाजवत होते, दाढेचा काही त्रास नाही. सुरुवातीचा षड्ज जरा हलला, तो दाढेमुळे नाही, माझ्यामुळे. मग जमलं. निकाल पत्राने कळवतील.
एक गंमत. ते तात्पुरतं सिमेंट आहे ना, त्याला लवंगेची चव आहे. पहिले दोन दिवस पत्ती तोंडात घेतली की लवंग. काल डब्यातली दुसरी पत्ती काढली, तिलाही वास लागलाय. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, त्यात लवंगेचं तेलच असतं.

अप्पा_गिरगाव (संध्याकाळी ७:२६)
धाग्यातला तिसरा प्रतिसाद पाहावा. सोमवार, रात्री ११:५२.

दंतकथा (संध्याकाळी ७:४०)
मान्य अप्पा. झिंक ऑक्साइडची पूड आणि लवंगेच्या तेलातलं युजेनॉल. आईंना नमस्कार.

गिरणगाव९१ (संध्याकाळी ८:०२)
आता रूट कॅनल पूर्ण करून कॅप बसवायचीय. कुठली कॅप चांगली? शनिवारच्या आत सांगायचंय.

दंतकथा (संध्याकाळी ८:०५)
वरची की खालची ते आता विचारत नाही. बजेट सांगा. रात्री झोपेत दात खाता का तेही सांगा.

कॉर्नेट_लालबाग (संध्याकाळी ८:०९)
आणि साचा काढलात का?